पोरांना बेसबॉलचा कुठला प्रसंग सांगू?

खानापूर तालुक्यात पीटी मास्तर आहे. सुताराकडून सागवानी बॅट करून घेतलीय, भात कापल्यावर मोकळ्या शिवारात पोरं खेळतात. शनिवारी त्यांना जुना एखादा प्रसंग सांगायचाय. सुचवा.

टिळकवाडीहून: सर, अमेरिकेतल्या कॅल रिपकेन या बेसबॉलपटूचाच सांगा. ६ सप्टेंबर १९९५, बाल्टिमोर. एकही सामना न चुकवता सलग २,१३० सामने खेळण्याचा लू गेहरिग या जुन्या खेळाडूचा विक्रम त्यानं मोडला. खेळ थांबला, २२ मिनिटं टाळ्या! गडी मैदानाला फेरी मारत लोकांच्या हातात हात देत फिरला. पुढं २,६३२ वर स्वतःच थांबला. आमचे बाबा पावसापाण्यातही पहाटे चारला दुधाचे कॅन सायकलला अडकवून निघायचे, खाडा म्हणून नाही. त्यामुळं हे वाचताना माझा गळा दाटतो.

निपाणीहून: जॅकी रॉबिन्सन राहिला की! हा कृष्णवर्णीय खेळाडू १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला आणि अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. १९९७ मध्ये त्याच्या जर्सीवरचा ४२ नंबर सगळ्याच संघांनी निवृत्त केला, म्हणजे पुढं नव्या कुणाला द्यायचा नाही. आता फक्त दर १५ एप्रिलला त्याच्या मानासाठी सगळे खेळाडू ४२ घालतात.

मास्तर: दोन्ही सांगतो. आमच्यात एक पोरगा रोज चार किलोमीटर चालत येतो, रिपकेन त्याच्याकडं बघूनच सांगणार. आणि फळ्यावर आधी नुसतं ४२ लिहून ठेवतो, विचारू देत.