व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेल्यांनो, आत नक्की काय होतं?

धागाकर्ती
माझा चुलतभाऊ सोमवारी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतोय. वय 31, दारू. काल काकूनं विचारलं, "आत त्याचं काय करतात गं?" मी माहितीपत्रक वाचून दाखवलं: समुपदेशन, योगासनं, सकस आहार. काकू म्हणाली, "हे तर शाळेच्या शिबिरातही असतं." बरोबरच होतं तिचं. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून मराठीत या विषयावर पुष्कळ लिहून आलंय. पण गप्पांत ऐकू येतं ते सगळं आधीचं नाहीतर नंतरचं. मधल्या महिन्याचं काय? जे राहून आलेत किंवा ज्यांच्या घरचं माणूस राहून आलंय, त्यांनी लिहा. केंद्राचं नाव नको. उपदेश तर नकोच.

कृष्णाकाठ
2016. पस्तीस दिवस. क्वार्टरवरून सुरुवात करून खंब्यापर्यंत, म्हणजे अख्ख्या बाटलीपर्यंत पोचलेलो.

दारातच बॅग उपसली. मोबाईल जमा, ठीक आहे. आफ्टरशेव्ह आणि माउथवॉशही जमा, तेव्हा मला हसू आलं. बाकावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "हसू नका साहेब, मी प्यायलोय ते." पायजम्याची नाडीसुद्धा काढून घेतली.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? मी सांगितलं, तीन दिवस झाले. खरं म्हणजे त्याच सकाळी गाडीत बसण्याआधी मारून आलो होतो. मेव्हण्यानं तिथल्या तिथे खरं सांगून टाकलं म्हणून वाचलो. दारू थांबली की पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याची भीती सगळ्यात जास्त, आणि गोळ्यांचं गणित शेवटच्या पेगवरून मांडतात. त्यामुळे भावाला एवढंच सांगा: तिथे खोटं बोलू नकोस. बायकोशी बोलला असशील तेवढं पुरे.

पहिल्या रात्री हात असे थरथरत होते की कप ओठापर्यंत जाईना. कुणीतरी न बोलता चहा स्टीलच्या ग्लासात अर्धाच ओतून दिला. थरथर आणि फिट आवरायला लिब्रियमच्या गोळ्या, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली आणि मी चप्पल घेऊन त्या मारत सुटलो. डॉक्टरांना उठवलं, औषध वाढवलं, रात्रभर एक जण उशाशी बसून होता. सकाळी शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "मला साप दिसले होते. तुम्ही स्वस्तात सुटलात."

आठवड्यानं भूक आली ती राक्षसासारखी, आणि सगळी गोडाची. मी चपातीला गूळ लावून खायचो. झोप मात्र महिनाभर धड नव्हती. हे आधी माहीत असतं तर "औषध लागू पडत नाही" म्हणून रोज भांडलो नसतो.

बाकी दिवस घड्याळावर चालतो. पहाटे उठणं, प्राणायाम, झाडलोट, गटात बसणं, जेवण, पुन्हा गट. मी तेव्हा बँकेत अधिकारी, आणि वाट्याला आली संडास धुण्याची पाळी. जोडीला एक रिक्षावाला. ब्रश कसा धरायचा ते त्यानं शिकवलं. गटात मी चार दिवस "माझं तुमच्याएवढं काही नाही" हेच लावून धरलं. पाचव्या दिवशी समुपदेशकानं वही दिली आणि बारा वर्षांत किती रुपयांची प्यालो ते मांडायला सांगितलं. चकणा आणि उधारी धरून. त्या आकड्यात तेव्हा कराडात वन बीएचके आला असता.

पन्नी
माझी ब्राउन शुगर होती, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, मुंबई. कृष्णाकाठांच्या मुंग्या वाचून हसलो, आमची गंमत वेगळी. माल तुटल्यावर जो त्रास होतो त्याला आमच्यात टर्की म्हणतात. नाक गळतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, जुलाब, आणि पाय आपोआप झाडले जातात, रात्रभर. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठवड्यात अंग निवतं. जिभेखाली विरघळणारी गोळी मिळाली म्हणून निभावलं. त्याआधी एकदा घरात कोंडून घेऊन सोडायचा प्रयत्न केला होता, खिडकीच्या पाइपवरून उतरून गेलो.

एक गोष्ट मात्र कुणी नीट सांगत नाही. महिना-दोन महिने न घेतल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मापानं घेतली तर माणूस जातो. माझ्या खाटेसमोरचा मुलगा तसाच गेला, घरी जाऊन नववा दिवस. आत त्यानं मला कॅरम शिकवला होता.

आणि बापानं एक वर्ष फुकट घालवलं, का, तर केंद्रात गेलं की पोलिसात नाव जाईल म्हणून. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला थोड्या मालाच्या केसमध्ये खटल्यापासून सूट देणारं कलम एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे, 64अ. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते.

दुपार
गांजा. कंटाळा. दुपारी दोन ते चार. बाकी तक्रार नाही.

नाव नको
सगळंच छान नसतं, म्हणून लिहितेय. माझ्या भावाला रात्री अडीच वाजता चार माणसांनी घरातून उचलून जीपमध्ये घातलं. पैसे आम्हीच भरले होते. दोन महिने भेटू दिलं नाही, फोनवर "मजेत आहे" एवढंच. घरी आला तेव्हा घोट्यावर साखळीचे वळ होते. दारू सुटली नाही, आमच्यावरचा विश्वास सुटला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं आणि साखळीनं बांधायला साफ बंदी आहे, हे मला नंतर कळलं. आधी जाऊन केंद्र बघा. डॉक्टर रोज येतो का आणि नोंदणी आहे का हे विचारा. आणि स्वयंपाकघर दाखवा म्हणा, तिथे बरंच कळतं.

सौ.
मी बायकोच्या बाजूनं. एसटी स्टँडवर "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती असतात ना, त्यातली पावडर मी सहा महिने भाजीत घातली. त्यात काय असतं देव जाणे. केंद्रातल्या बाई रागावल्या. म्हणाल्या, दारू सोडवायला डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळीसुद्धा पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात, कारण तिच्यावर दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

मला वाटलं होतं त्यांना आत सोडलं की मला महिनाभर सुट्टी. पण कुटुंबीयांच्या सभेला मलाही बसवलं. तिथे विचारलं, "त्यांच्या ऑफिसात आजारी असल्याचा फोन कोण करायचं?" मीच. पंधरा वर्षं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी खूप रडले, पण हलकं वाटलं. ते घरी आल्यावर पहिला महिना मी त्यांचं तोंड हुंगायची, चोरून. त्यांना ते कळायचं. अजूनही कधीतरी हुंगते.

वॉर्डातली
मी नर्स आहे, थोडक्यात लिहिते. सोमवारी दाखल करायचंय म्हणून शुक्रवारपासूनच "आता बंद" असं घरी करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसकट द्या. सरकारी मोफत हेल्पलाइन 14446.

धागाकर्ती
फोन केला. ते म्हणाले, सोमवार कशाला, उद्याच आणा. काकूनं रात्रीच पायजम्यांच्या नाड्या काढून इलॅस्टिक घातलं. आता विचारतेय, बेसनाचे लाडू चालतील का?

कृष्णाकाठ
आधी विचारून घ्या. चालत असतील तर चाळीसएक द्या. पहिल्याच दिवशी संपतात.