कार्डाच्या थकबाकीचा समन्स: आधी कोर्टात कैफियत, मग वकिलाशी बोलणी

प्रेषक: एक सभासद, एडिसन

नमस्कार मंडळी,
आपल्यातल्या एका कुटुंबाला न्यू जर्सीच्या स्पेशल सिव्हिल पार्टचा, म्हणजे छोट्या रकमांच्या दिवाणी दाव्यांच्या कोर्टाचा, समन्स टपालाने आला आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी, व्याज आणि फी धरून ८,९३० डॉलरचा दावा आहे. वादी म्हणून ज्या कंपनीचं नाव आहे, तिचं कार्ड त्यांनी कधीच घेतलेलं नव्हतं. वादीच्या वकिलाला फोन करून हप्ते बांधून घेतले तर चालेल का? की कर्जाचा पुरावा मागणारं पत्र पाठवलं की कोर्टाची मुदत थांबते?

प्रेषक: कर्जवसुलीच्या दाव्यांत काम करणारी सभासद, पिस्कॅटवे

दादा, फोनने काही थांबत नाही आणि पत्रानेही नाही. १९७७ च्या वसुलीविषयक कायद्याखाली पुरावा मागायचा हक्क आहे, तो जरूर वापरावा. पण त्या पत्राने वसुली कंपनीचा तगादा थांबतो, कोर्टाचं घड्याळ नाही. स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये लेखी कैफियत, म्हणजे अॅन्सर, द्यायला ३५ दिवस असतात. समन्सवर शेवटची तारीख छापलेली असते. तीच धरून चालावं.

सर्टिफाइड, म्हणजे सहीने घ्यायचं, पत्र सोडवून घेतलं नाही म्हणजे समन्स लागला नाही, असं समजू नये. कोर्ट एक प्रत सर्टिफाइड आणि एक साध्या टपालाने पाठवतं. सर्टिफाइड कोणी घेतलं नाही आणि साधं परत आलं नाही, तर बजावणी झाली असंच धरतात. मुदत गेली की एकतर्फी निकाल, आणि त्यानंतर बँक खात्यावर व पगारावर टाच. न्यू जर्सीत पगाराची टाच सर्वसाधारणपणे १० टक्क्यांपर्यंत असते. केंद्रीय कायद्याची कमाल मर्यादा, कर वगैरे सक्तीच्या कपाती जाऊन उरलेल्या पगाराच्या २५ टक्के आहे. हा दिवाणी दावा आहे, यात अटक होत नाही. फोनवर कोणी अटकेची धमकी दिली तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवावेत, कारण ती धमकी स्वतःच बेकायदा आहे.

कैफियत लिहिताना फिर्यादीतला एकेक परिच्छेद घ्यायचा आणि समोर मान्य, अमान्य किंवा ‘माहिती नाही, वादीने सिद्ध करावं’ यांपैकी एक लिहायचं. नाव-पत्ता बरोबर असेल तर ते मान्यच करावं. जे खरं आहे ते नाकारू नये, त्याने पुढचं सगळं म्हणणं पातळ होतं. ‘वादी या खात्याचा मालक आहे’ आणि ‘एवढी रक्कम देणं आहे’ ही दोन वाक्यं मात्र नीट तपासल्याशिवाय कबूल करू नयेत. बहुतेक दावे इथेच सुटतात किंवा अडकतात.

वादी अनोळखी का? बँकेने खातं बुडीत धरलं आणि विकलं, कधीकधी पुढे आणखी एकदा विकलं. बँकेपासून वादीपर्यंत प्रत्येक विक्रीचा कागद हवा आणि त्यात हेच खातं असल्याचं दिसायला हवं. ‘खात्यांचा संच विकला’ एवढं एक पान पुरत नाही.

आता रक्कम. कार्डाचे हप्ते १८० दिवस थकले की बँक खातं चार्ज-ऑफ करते, म्हणजे बुडीत धरते. त्या महिन्याचं स्टेटमेंट मागवा. समजा त्यावर ६,४१२ डॉलर आहेत आणि दावा ८,९३० चा, तर मधले २,५१८ कुठून आले हे वादीनेच दाखवायचं. यापुढे व्याज आणि फी लावणार नाही, या आधारावर चार्ज-ऑफनंतर मासिक स्टेटमेंटं बंद करता येतात. तीच सवलत घेऊन नंतर व्याज चढवलेलं असेल, तर आक्षेप ठामपणे घ्यावा.

दावा मुदतबाह्य असेल तर तेही कैफियतीतच लिहायचं. तिथे राहून गेलं तर हा बचाव हातचा जाऊ शकतो. न्यू जर्सीत करारावरच्या दाव्याला ६ वर्षं आहेत. म्हणूनच ‘सद्‌भावना म्हणून ५० डॉलर भरा’ असं कोणी म्हटलं तर कैफियत जाईपर्यंत भरू नये. अर्धवट भरण्यानेही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याचा धोका असतो.

कैफियत कोर्टाच्या जेड्स या ऑनलाइन यंत्रणेतून दाखल करता येते. फी ३० डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज आहे. एक प्रत वादीच्या वकिलाला पाठवायची आणि पाठवल्याची पावती जपायची. उत्पन्न कमी असेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी या संस्थेकडे आजच विचारा, मुदतीच्या आदल्या दिवशी नको.

प्रेषक: एक सभासद, क्वीन्स

ताईंचं सगळं बरोबर आहे, पण नदीपलीकडच्यांनी आकडे तसेच उचलू नयेत. न्यूयॉर्क राज्यात समन्स हातात दिला असेल तर २० दिवस, इतर मार्गाने बजावला असेल तर ३०. आणि ७ एप्रिल २०२२ पासून ग्राहक कर्जाच्या दाव्याची मुदत ३ वर्षांवर आली आहे. ती संपल्यावर पैसे भरले तरी नव्याने सुरू होत नाही. मूळ बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे चार अंक, मालकीची साखळी आणि रकमेची फोड इथे फिर्यादीतच द्यावी लागते. नसेल तर तसं कैफियतीत लिहा.

प्रेषक: एक सभासद, एडिसन

मनापासून आभार. कैफियत या आठवड्यातच जाईल. त्यानंतर तडजोड करायची झाली तर काय सांभाळायचं?

प्रेषक: कर्जवसुलीच्या दाव्यांत काम करणारी सभासद, पिस्कॅटवे

दादा, कैफियत दाखल झाली की बोलायला हरकत नाही. वादीचे वकील बहुधा ‘कन्सेंट जजमेंट’चा मसुदा पुढे करतात. त्यावर सही म्हणजे स्वतःविरुद्ध निकाल मान्य करणं; एक हप्ता चुकला की थेट टाच. त्याऐवजी दावा ‘विथ प्रेज्युडिस’ काढून घेण्याची अट मागा, म्हणजे याच खात्यावर पुन्हा दावा लावता येत नाही. अटी लेखी येईपर्यंत एक डॉलरही देऊ नये आणि बँक खात्यातून आपोआप पैसे काढायची परवानगी देऊ नये.

करांचंही ध्यानात असू द्या. ६०० डॉलर किंवा जास्त माफ झाले तर १०९९-सी, म्हणजे माफ झालेलं कर्ज करखात्याला कळवणारा फॉर्म, येऊ शकतो आणि माफ रक्कम उत्पन्नात धरली जाते. माफीच्या आदल्या क्षणी मालमत्तेपेक्षा देणी जास्त होती असं दाखवता आलं, तर करविवरणासोबत फॉर्म ९८२ भरून माफ रक्कम तेवढ्यापुरती वगळता येते. त्यासाठी माफीच्या वेळच्या सगळ्या खात्यांच्या आणि कर्जांच्या शिलकी तेव्हाच्या तेव्हा उतरवून ठेवायला सांगा.