ग्रीन ट्री फ्रॉगसाठी काचेची पेटी कशी लावायची? (सिडनी)

सिडनीची आई
नमस्कार. आम्ही पॅरामॅटाच्या बाजूला राहतो. गेल्या जुलैत माहेरी चिपळूणला गेलो होतो. तिथे न्हाणीघराच्या खिडकीत रोज तिन्हीसांजेला एक तपकिरी झाडबेडूक येऊन बसायचा आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा आजीबरोबर त्याची वाट बघत पाटावर बसलेला असायचा. परत आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. राज्य सरकारचं लायसन्स मिळालंय आणि एका ब्रीडरकडे ग्रीन ट्री फ्रॉगची, म्हणजे इथल्या हिरव्या झाडबेडकाची, दोन पिल्लं सांगून ठेवलीत. तीन आठवड्यांनी घरी येतील.

घरात माशांचा जुना टँक आहे, 90 सेंमी लांब, 35 उंच, तळाला रंगीत खडी. तो चालेल का? नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरलं तर? आणि हॉलमध्ये जागा आहे ती देवघराच्या शेजारीच आहे. मुलाचा जीव त्यात अडकलाय, म्हणून बेडूक यायच्या आधीच सगळं नीट करायचंय.

ब्रिस्बेनचा काका
ताई, तीन आठवडे हातात ठेवून विचारलंत, निम्मं काम झालं. मी अकरा वर्षं हे बेडूक सांभाळतोय.

माशांचा टँक नको. या प्राण्याला लांबी नको, उंची हवी. दिवसभर वरच्या फांदीला चिकटून झोपणार, रात्री खाली उतरणार. दोघांसाठी 45 रुंद, 45 खोल, 60 उंच अशी पेटी घ्या, पुढून दार उघडणारी. वरून हात घातला की त्यांना पक्षी आल्यासारखं वाटतं, बिचकतात. आत्ता पिल्लं अंगठ्याएवढी असतील, पण पुढे 10 सेंमीपर्यंत वाढतात. आणि नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं जगतात, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

रंगीत खडी काढाच. किड्यावर झडप घालताना तोंडात खडा जातो, गिळला की आतड्यात अडकतो. तळाला भिजवून घट्ट पिळलेलं कोकोपीट घाला, किंवा सुरुवातीला नुसता ओला किचन पेपर. पेपर दिसायला चांगला नाही, पण विष्ठा लगेच दिसते आणि पिल्लू खातंय की नाही ते कळतं. आत मनगटाएवढ्या जाडीच्या दोन-तीन तिरप्या फांद्या लावा. झाड म्हणून आपला मनीप्लांटच उत्तम. त्याची पानं बेडकाचं वजन पेलतात आणि कमी उजेडातही तो तग धरतो. नर्सरीतून आणलात तर मुळं धुऊन जुनी माती पूर्ण काढा, त्यात खत आणि औषध असतं.

आता पाणी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीने शोषून घेतो. म्हणजे पाण्यात जे असेल ते थेट अंगात. रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतं, पण सिडनीच्या बऱ्याच भागांत पाण्यात क्लोरामीन असतं, ते तसं उडत नाही. माशांच्या दुकानात पाणी शुद्ध करायचं कंडिशनर मिळतं. बाटलीवर क्लोरामीनचा उल्लेख आहे ना बघा आणि फवाऱ्यातलं पाणीसुद्धा त्याच बादलीतलं वापरा. भांडं पसरट आणि उथळ हवं, पाणी रोज बदलायचं.

पहिल्या वर्षी मी पेटी स्वयंपाकघरातल्या क्लीनरने पुसली. दोनदा धुतली आणि बेडूक परत ठेवले. संध्याकाळी एकाचे मागचे पाय ताणून पडले होते, सकाळी तो गेला. चूक माझीच होती. तेव्हापासून पेटीला फक्त कडकडीत पाणी आणि ब्रश. मुलाला हे आजच शिकवा: हात साबणाने धुतले तर भरपूर पाण्याने खळखळून घ्यायचे, सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेल्या हाताने बेडकाला शिवायचं नाही.

देवघराबद्दल स्पष्ट सांगतो, जागा बदला. उदबत्तीचा, धुपाचा धूर रोज त्या कातडीवर नको. घरात झुरळांचा स्प्रे मारत असाल तर तोही बंद.

सिडनीची आई
काका, तुम्ही लिहिलेलं मुलाला वाचून दाखवलं. पेटी आता त्याच्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीला लावतोय. गरम करायला नुसता बल्ब पुरेल का?

ब्रिस्बेनचा काका
उजेड आणि ऊब वेगवेगळी ठेवा. ऊबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, पेटीच्या वरच्या जाळीच्या बाहेर, थर्मोस्टॅटला (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं यंत्र) जोडून. वरच्या फांदीपाशी 27-28 अंश, खाली 22-23. रात्री 18 पर्यंत उतरलं तर काळजी नाही. दिवसा कमी ताकदीची यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी, बारा तास. काचेमधून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, म्हणून ती जाळीवर ठेवायची. संध्याकाळी एकदा फवारा, आणि सकाळपर्यंत काच कोरडी झाली पाहिजे. सतत ओलं राहिलं की कातडीला बुरशी आणि जंतू धरतात.

मेलबर्नहून
खाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे एक बेडकी आहे, आधीच्या घरी तिला रोज हवं तेवढं खायला घालायचे. माझ्याकडे आली तेव्हा डोळ्यांवरच्या चरबीच्या वळ्या इतक्या खाली लोंबत होत्या की तिला समोरचा किडा दिसायचा नाही. वर्षभर मोजून खायला घातलं तेव्हा कुठे वळ्या उतरल्या.

पिल्लांना एक दिवसाआड, मोठ्यांना आठवड्यातून दोनदा. रातकिडे किंवा झुरळं दुकानातून विकत घ्या, अंगणातले पकडून देऊ नका, त्यांनी कुठलं औषध खाल्लंय कळत नाही. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. आधी किड्यांना गाजर-पालेभाजी खाऊ घाला, मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवा. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, जबडा वाकतो. उरलेले रातकिडे पेटीत रात्रभर सोडू नका, झोपलेल्या बेडकाला चावतात.

आणि दोघं साधारण एकाच आकाराचे घ्या. मोठा लहानाला गिळतो.

देवरूखचा
आमच्या पडवीत तपकिरी झाडबेडूक बरेच आहेत. पावसात टाकीच्या वर पांढऱ्या फेसाचं घरटं लटकवतात. त्यातला एखादा अशा पेटीत ठेवता येईल का?

ब्रिस्बेनचा काका
नको हो. तुमच्याकडे तो स्वतःहून येतोय, त्याला पकडायचं कशाला? त्या फेसात अंडी असतात, पिल्लं खाली पाण्यात पडतात. तेवढे दिवस टाकी झाकू नका, रिकामी करू नका, पडवीतला दिवा रात्री थोडा वेळ ठेवा. किडे येतील, त्यामागे तो येईल.

सिडनीच्या ताई, तुमच्याकडे आणखी एक मार्ग होता, पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. क्वीन्सलँडहून केळ्यांच्या खोक्यांतून बेडूक चुकून सिडनीत येतात. रोग पसरू नये म्हणून त्यांना तिथे बाहेर सोडत नाहीत. न्यू साऊथ वेल्समधली फ्रॉग अँड टॅडपोल स्टडी ग्रुप ही संस्था असे बेडूक लायसन्स असलेल्यांकडे देते.

सिडनीची आई
नऊ दिवस रिकामी पेटी चालवतोय. मुलगा सकाळ-संध्याकाळ दोन्ही थर्मामीटर वाचून वहीत लिहितो. दिवसा सगळं बरोबर आहे, पण काल पहाटे खाली 16 दिसलं. आजीला व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवली, ती म्हणाली, "पाण्याचं भांडं केवढंसं, बसणार कसा तो त्यात?"

ब्रिस्बेनचा काका
आजींचं ऐका, मोठं भांडं घ्या. दोघंही एका वेळी बसतील एवढं रुंद, पण पिल्लांच्या हनुवटीच्या खाली राहील इतकंच पाणी. 16 मोठ्याला सोसतं, पिल्लांना नको. थर्मोस्टॅटचा सेन्सर हीटरच्या अगदी खाली लावला असेल, म्हणून तो लवकर बंद होतो. सेन्सर पेटीच्या मध्यावर आणा, मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून थर्माकोल लावा, आणि आणखी चार पहाटा मुलाला आकडे लिहू द्या. चारही दिवस 18 च्या वर आले की ब्रीडरला फोन करा.