मदत हवी आहे: दहा महिन्यांची बाय मिक्सरमधलंच खाते, भाताचं शीत लागलं की ओकारी काढते

फोंड्याची आई:

सहावा महिना सरल्यावर बायचं उष्टावण केलं. तेव्हापासून उकड्या तांदळाची पेज, मूगडाळ-भात, तांबडा भोपळा, सगळं मिक्सरमधून काढून देतो. वाटी बहुतेक वेळा संपते. पण पेजेत एखादं अख्खं शीत राहिलं की ती ओकारी काढते, डोळ्यांत पाणी येतं, आणि पुढचा चमचा नेला की मान फिरवते. मग त्या जेवणाला तिथेच पूर्णविराम.

मी पणजीला नोकरीला जाते, घरी यायला सात वाजतात. दिवसभर सासूबाई सांभाळतात, आणि फार मायेने सांभाळतात. घशात काही अडकेल या धास्तीने त्या मिक्सर सोडायला तयार नाहीत. त्यांची भीती मला समजते, कारण ती ओकारी बघताना माझ्याही पोटात गोळा येतो.

मे महिन्यात मात्र मानकुराद आंब्याची बाठ हातात दिली होती, ती तिने दोन्ही हातांनी धरून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर चोखली. काढून घेतली तर घर डोक्यावर घेतलं! तिला खाताना इतकं खूश मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. म्हणून मला वाटतं, तिला खाण्याचा कंटाळा नाहीये, आमचं काहीतरी जुळत नाहीये.

शेजारच्या काकू म्हणतात, अंगावरचं दूध मिळतं म्हणून जेवत नाही, कडू लावून तोडून टाक. मला तोडायचं नाही. संध्याकाळी आल्या आल्या ती बिलगते ती आमची दोघींची वेळ आहे. पण त्यामुळे तिचं पोषण कमी पडत असेल तर? वजन ठीक आहे. हिमोग्लोबिन थोडं कमी आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिलेत. मिक्सर कसा सोडवायचा, ओकारी आणि घास अडकणं यांतला फरक कसा ओळखायचा, आणि मासे कधी, कोणते द्यायचे? ज्यांनी यातून मुलं काढली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नारळीपाक:

ताई, आधी दुधाचं. तोडू नका. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही अंगावर पाजा म्हणते. या वयात जवळपास निम्मी ऊर्जा दुधातूनच मिळते. फक्त जेवणाच्या तोंडावर पाजू नका, जेवणानंतर पाजा.

आता ते शीत. पातळ पेजेत तरंगणारं शीत हा लहान बाळासाठी सगळ्यांत अवघड घास असतो. पातळ म्हणून जीभ ते नुसतं मागे ढकलते आणि मध्येच घट्ट काहीतरी लागतं. माझ्या मुलाचंही अगदी हेच होतं. त्यामुळे मिक्सरमधल्या पेजेत शितं मिसळून सवय लावायला जाऊ नका. पेज आटवून घट्ट करा, मिक्सर कमी वेळ फिरवा, मग फक्त रवीने घोटा, मग काट्याने कुस्करा. एक पायरी तिला जमली की पुढची. घट्ट केल्याचा आणखी फायदा म्हणजे या वयात पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे ३० मिलीच्या आसपास मावतं, ते पाण्याने भरून उपयोग नाही. वरून चमचाभर तूप सोडा.

आणि वेगळ्या ताटलीत हातात धरायच्या वस्तू द्या. उकडलेल्या भोपळ्याची बोटाएवढी फोड, वाफवलेलं मोयऱ्याचं केळं. दोन बोटांत सहज चिरडली जाईल इतकी मऊ हवी. बाठ तिला का आवडली बघा ना, ती तिच्या हातात होती, किती आत घालायची ते तीच ठरवत होती. दाढा नसल्या तरी हिरड्यांनी मऊ घास चिरडता येतो. हे लांबवू नका, गुठळ्यांची सवय उशिरा लावलेली मुलं पुढे खायला जास्त त्रास देतात.

ओकारीत आवाज येतो, खोकला येतो, चेहरा लाल होतो. ती बाळाची स्वतःची राखण आहे, आणि बाळांमध्ये ती मोठ्यांपेक्षा जिभेवर पुढेच सुरू होते. घास अडकला की आवाज बंद होतो, रडता-खोकता येत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा बाळाला डोकं खाली करून हातावर पालथं घ्यायचं, दोन खांद्यांमध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब, असं आलटून पालटून. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. सासूबाईंसोबत हे एकदा डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, त्यांची निम्मी भीती जाईल. शेंगदाणे, काजू, अख्खी द्राक्षं आत्ता अजिबात नकोत. मधही वर्षाच्या आत नाही.

म्हादई:

माशांचं मी सांगते. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपली, आता ताजे मिळतील. मुडदुशीने सुरुवात करा. आपल्याकडे बाळंतिणीला आणि लहान मुलांना तीच देतात, मांस अगदी मऊ असतं. उकडून बोटांनी चाचपून प्रत्येक काटा काढायचा, हे काम घाईत करू नये. पहिल्यांदा सकाळी, थोडंसं द्या, म्हणजे अंगावर काही उठलं तर दिवसा कळेल. मोरी (शार्क) मात्र देऊ नका, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. मासा आणि अंड्याचा बलक यांनी लोहालाही हातभार लागतो. डाळीवर लिंबू पिळलंत तर डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, लोहासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. थेंब चालूच ठेवा.

फोंड्याची आई:

दोघींचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. शीताचं कारण त्यांना लगेच पटलं, रवी आजच खाली काढली आहे. त्या विचारतात, मुडदुशी उकडताना हळद घातली तर चालेल का?

म्हादई:

चालेल, चिमूटभरच. मीठ आणि तिखट मात्र तिचा वाटा बाजूला काढून झाल्यावर.