मदत हवी आहे: गेम खेळून अपराधी वाटतंय, नॉर्मल आहे का?

मंडळी हसू नका. सेलमध्ये २००९ चा कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ घेतला, त्यात ते एअरपोर्टचं मिशन आहे ना, अतिरेक्यांबरोबर चालत जायचं आणि समोर साधी माणसं बॅगा टाकून पळतायत. स्किप करू का असं गेमने आधीच विचारलं होतं, मी म्हटलं त्यात काय, आणि सरळ गोळ्या झाडल्या. लोकांवर एकही गोळी न झाडता पुढे जाता येतं हे नंतर कळलं, तेच जास्त लागलं. रोज सीएसएमटीला उतरतो हो मी, २६/११ आठवतं. आधी हजारो मारलेत, तेव्हा काहीच वाटलं नाही मग आत्ताच का? कुणाला असं झालंय का, खेळणं सोडलंत की चालू ठेवलंत?