खनिज मिश्रणाने दुधाची फॅट खरोखर वाढते का?

धागाकर्ता, गुहागर: गाईला रोज मूठभर खनिज मिश्रण चारले की फॅट वाढते, असा समज आमच्या संकलन केंद्रावर पक्का रुजला आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे. एक लिटर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम असते आणि चाऱ्यातून ते कमी मिळाले तरी दुधातले प्रमाण फारसे हलत नाही, कारण गाय स्वतःच्या हाडांतून ती तूट भरून काढते. मिश्रण द्यावे ते गाईसाठी, फॅटसाठी नव्हे.

प्रतिसाद, दापोली: आपले म्हणणे पटत नाही. माझ्या संकरित जर्सीला ३.१ फॅट लागत होती, ती पावडर सुरू केल्यावर तीन आठवड्यांत ३.६ वर गेली. दराचा पाया ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असताना हा फरक आमच्यासाठी किरकोळ नाही, आणि पावत्या माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत.

धागाकर्ता: पावत्यांवर माझा अविश्वास नाही. मात्र पिशवीमागची यादी कृपया वाचावी. खुराक जास्त आणि वैरण कमी असली की गाईच्या पहिल्या पोटात आम्ल वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात आणि तंतूंच्या पचनातून मिळणाऱ्या ज्या ॲसिटेटपासून कासेत फॅट तयार होते तेच घटते. पावडरीत खायचा सोडा असेल, तर तो आम्ल शमवतो व फॅट सावरते. श्रेय मात्र कॅल्शियमला जाते.

प्रतिसाद, दापोली: यादीत सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडाच, तिसऱ्या क्रमांकावर आहे. शिवाय त्याच सुमारास भातझोडणी आटोपून गाईपुढे नवा पेंढा भरपूर पडू लागला होता, हे लिहायचे राहून गेले.

प्रतिसाद, कुडाळ (पशुवैद्यक): धागाकर्त्यांचे फॅटविषयीचे विवेचन बरोबर आहे, पण ‘गाईसाठी द्यावे’ एवढ्यावर विषय संपवणे मला घाईचे वाटते. आयोडीन आणि सेलेनियम चाऱ्यातून वाढवले की दुधातही वाढतात. तांबे, जस्त, सेलेनियम कमी पडले तर कासदाहाला तोंड देण्याची ताकद घटते. आणि कासदाहात लॅक्टोज (दुधातली साखर) उतरून सोडियम व क्लोराइड चढतात, दूध खारट लागते, एसएनएफ घसरते. आपल्याकडे जांभ्याची आम्लधर्मी जमीन, त्यात मुसळधार पावसाने धुऊन जाणारे क्षार, आणि पेंढ्यात फॉस्फरस मुळातच कमी, वर पेंढ्यातलेच ऑक्सॅलेट हे द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. दावणीची दोरी चघळत उभी राहणारी गाय बहुधा हेच सांगत असते.

प्रतिसाद, लांजा: सेलेनियमचे पैसे संकलन केंद्र देत नाही, साहेब. माझी कोकण कपिला (इथली देशी जात) दोन लिटर दूध देते आणि दिवसभर रानात चरते. तिलाही रोज ५० ग्रॅम मिश्रण घालायचे का?

प्रतिसाद, कुडाळ (पशुवैद्यक): नाही. दोन लिटरमागे तिचे जेमतेम अडीच ग्रॅम कॅल्शियम जाते. बारा लिटर देणाऱ्या संकरित गाईचे चौदा ग्रॅमांहून अधिक. ५० ग्रॅमांचा हिशेब त्या दुसरीसाठी आहे.

धागाकर्ता: एसएनएफबाबतची दुरुस्ती मान्य करतो. दोरी चघळणारी गाय माझ्याच गोठ्यात आहे, आणि तिला मी आजवर खोडकर समजत होतो.