'सोशल लायसन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा: मंडळी, अडलंय. खाणींवरच्या एका रिपोर्टचं मराठी करतेय आणि त्यात पानोपानी 'सोशल लायसन्स टू ऑपरेट' येतंय. म्हणजे सरकारी परवानग्या मिळाल्या तरी आजूबाजूच्या लोकांनी 'ठीक आहे, चालू दे तुमचं' म्हणावं लागतं, ते. 'सामाजिक परवाना' लिहिलं तर वाटतं कुठल्यातरी खिडकीवर रांग लावून मिळत असेल. दुसरं काही सुचतंय का?

जुना खाणकामगार: शब्द खाणवाल्यांच्याच घरचा आहे. १९९७ च्या सुमारास प्लेसर डोम या कॅनडाच्या कंपनीतल्या जिम कूनींनी तो जागतिक बँकेच्या बैठकीत वापरला असं मानतात. परवाना नकोच, त्याला शिक्का असतो, मुदत असते, भिंतीवर फ्रेम करून लावता येतो. हे तसलं नाही, आज आहे उद्या नाही. 'लोकमान्यता' कसं वाटतं? (टिळक आठवतात, त्याला इलाज नाही.)

वेलांटी: परवाना नको याला +१. ऑस्ट्रेलियातली जूकान गॉर्ज आठवा. रिओ टिंटो या खाण कंपनीकडे २०१३ पासून कायदेशीर परवानगी होती, आणि मे २०२० मध्ये त्यांनी लोहखनिजासाठी तिथले शैलाश्रय सुरुंग लावून उडवले, जिथे माणसाच्या वावराच्या ४६,००० वर्षांपूर्वीपर्यंतच्या खुणा होत्या. कागद पक्का होता, पण तिथल्या मूळ रहिवाशांचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि सीईओलाही जावं लागलं.

मला मात्र 'विश्वास संपादन करणे' जास्त खुपतं. सगळ्या कंपनी-पत्रकांत असतं. अहो ज्यांची जमीन जाणार ते लोक 'संपादन' म्हटलं की भूसंपादनच ऐकतात! आधी जमीन संपादन केली, आता विश्वास. शिवाय मराठीत विश्वास बसतो. कोणीतरी कोणावर तरी तो ठेवतो किंवा टाकतो, आणि कर्ता लोक असतात, कंपनी नाही. कंपनीने फार तर बसेल असं वागावं. विहिरीच्या पाण्याचा नमुना गावकऱ्यांसमोर घ्यायचा, एक बाटली त्यांना द्यायची, ती त्यांनी हव्या त्या लॅबला पाठवायची. आणि सुरुंग दुपारी दोनला उडवणार म्हटलं तर दोनलाच, तीनला नाही. भिंतीला तडा गेला तर बघायला माणूस त्याच आठवड्यात यायला हवा. मी असल्या एका पत्रकात 'तुमचा विश्वास बसावा म्हणून आम्ही काय करू' असं लिहून दिलं होतं, साहेबांनी खोडून पुन्हा 'संपादन' केलं.

आगाऊ: स्टेकहोल्डरचं 'भागधारक' करू नका फक्त. भागधारक म्हणजे शेअरवाले. गावाने वाचलं तर विचारतील लाभांश कधी :) 'संबंधित लोक' पुरे.

जुना खाणकामगार: आणि 'संमती' वेगळी ठेवा. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात आहे ती मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती. म्हणजे दबाव न आणता, काम सुरू व्हायच्या आधी, सगळं समजावून घेतलेली. ती विचारून घ्यायची असते, तिचा ठराव होऊ शकतो. लोकमान्यतेचा ठराव कसा करणार, ती नुसती कळते, बहुतेक वेळा रस्ता अडवला गेला की.

कानामात्रा: चला, 'लोकमान्यता' घेते, आणि 'संपादन' सगळीकडून काढते. आता पुढचं, 'ग्रीव्हन्स मेकॅनिझम'ला 'तक्रार निवारण यंत्रणा' सोडून काही आहे का? नुसतं 'तक्रार कुठे करायची' चालेल?